मैलांची टांकसाळ

विमान कंपन्या माइल्स देतात ते प्रवाशाच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुरुवातीची काही वर्षे ती खरीही होती. १९७८ पर्यंत अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचे विमानभाडे सरकारी मंडळ ठरवून देई. कंपन्यांची चढाओढ चाले ती जेवण, मद्य आणि ऐसपैस खुर्च्या यांवर. त्या वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि भाड्यांचे युद्ध सुरू झाले. कामानिमित्त सतत उडणारा प्रवासी हे खरे गिऱ्हाईक. ते चार डॉलर वाचतात म्हणून दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर जाऊ लागले, तर धंदा टिकणार कसा? यावर अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी उतारा काढला. ‘सेबर’ या आपल्या संगणकीय आरक्षण यंत्रणेत कोणते फोन नंबर वारंवार येतात हे कंपनीने हुडकले आणि त्या लोकांना थेट सदस्य करून घेतले. उडालेल्या अंतराइतके मैल खात्यात जमा आणि पुरेसे साठले की तिकीट मोफत. युनायटेडने काही दिवसांतच तीच योजना आणली. एरवी रिकामी जाणारी खुर्चीच द्यायची असल्याने कंपनीला फारशी तोशीस नव्हती.

हे चित्र बदलले ते १९८७ च्या सुमारास, बँका मध्ये आल्यावर. सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर कार्ड काढले आणि किराणा, पेट्रोल, हॉटेलचे बिल या सगळ्यांतून माइल्स जमू लागले. ते माइल्स बँक विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेते. कंपनीला पैसे आज मिळतात, खुर्ची द्यायची पुढे कधीतरी. माझ्या मते या क्षणी माइल्स बक्षीस राहिले नाहीत, ते चलन झाले. आणि चलनही असे की ते छापणारा आणि त्यात काय विकत मिळेल हे ठरवणारा एकच. या टांकसाळीची किंमत जगाला कळली २०२० मध्ये. कोविडने विमाने जमिनीवर आणली तेव्हा युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. योजनेचे मूल्य कंपनीने सुमारे २,२०० कोटी डॉलर सांगितले होते. शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत तेव्हा त्याच्या जवळपास निम्मी होती. म्हणजे विमाने, वैमानिक, मार्ग या सगळ्यांसह कंपनी स्वस्त आणि माइल्सचे खाते महाग!

अशा चलनाचा भाव घसरतच जातो, याला इतिहास साक्षी आहे. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आधीच कमावलेल्या माइल्सवर नव्या अटी लादल्या: अमुक तारखांना चालणार नाहीत, अमुक इतक्याच खुर्च्या मिळतील. सदस्य कोर्टात गेले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यांचे ग्राहक संरक्षण कायदे इथे लागू होत नाहीत. दाद मागायची तर कराराच्या शब्दांवर मागा. आता करार लिहिते कोण, हे सांगायला नकोच. २०१४ मध्ये मिनेसोटातील एका रब्बीचा दावाही असाच फसला. सतत तक्रारी करून योजनेचा गैरफायदा घेतात म्हणून दुसऱ्या एका विमान कंपनीने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले होते. २०१५ मध्ये डेल्टाने अंतराऐवजी मोजलेल्या पैशांवर माइल्स द्यायला सुरुवात केली आणि किती माइल्सला कुठले तिकीट, हा तक्ताही काढून टाकला. दरपत्रकच नाही, तर दरवाढ झाली असे म्हणणार तरी कशाच्या आधारावर?

यावर जाणकार सांगतील की, हुशार माणसाने कंपन्यांनाच गुंडाळल्याचीही उदाहरणे आहेत. आहेत खरी. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सिव्हिल इंजिनिअरच्या लक्षात आले की, एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची दहा लेबले पाठवली की हजार माइल्स मिळतात आणि तिच्याच पुडिंगचा कप एका दुकानात पाव डॉलरला आहे. त्याने बारा हजारांवर कप उचलले, पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केले, बदल्यात लेबले सोलून घेतली आणि सुमारे ३,१४० डॉलरमध्ये बारा लाखांहून अधिक माइल्स मिळवले. वर दानाबद्दल करात सूट. पुढे अमेरिकी सरकारच्या खऱ्याखुऱ्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी घरपोच, दर्शनी किमतीलाच विकायला काढली, तेव्हा लोक कार्डावर नाणी घेत आणि त्याच नाण्यांनी बँकेत कार्डाचे बिल भरत. २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणेच बंद केले. हे किस्से रंगवून सांगितले जातात, पण भोक दिसले की ते बुजवले जाते, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: खर्च तर होणारच आहे, मग वर मिळते ते का सोडा? सोडू नयेच. पण ते फुकट नाही. कार्ड घासले की दुकानदाराकडून कमिशन कापले जाते आणि तो ते वस्तूंच्या दरात मिळवतो. रोख देणाराही तोच दर मोजतो. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरच्या या कमिशनमधील कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्याला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा तिथल्या कार्डांवरची बक्षिसे आटली. आपल्याकडे २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर दुकानदाराकडून कमिशन घेतलेच जात नाही, म्हणून त्यांवर माइल्सही येत नाहीत. वाटायचे कुठून?

माइल्सवर किती भरवसा ठेवावा, याबाबत मुंबईच्या जेट एअरवेजची हकिगत बोलकी आहे. २०१४ मध्ये तिच्या जेटप्रिव्हिलेज योजनेतील ५०.१ टक्के हिस्सा एतिहाद या विमान कंपनीने १५ कोटी डॉलरना घेतला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले, पण योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर असल्याने माइल्स शाबूत राहिले आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ नावाने चालू झाले. कंपनी बुडाली तरी माइल्स वाचतात, असे यावरून कोणी म्हणेल. वाचले, पण ज्या विमानांत बसण्यासाठी लोकांनी ते साठवले होते ती उडत नव्हती.

म्हणून हिशेब साधा ठेवावा. समजा तिकीट ९,००० रुपयांचे आहे, माइल्स वापरूनही १,५०० रुपये कर भरावाच लागतो आणि १५,००० माइल्स जातात. ७,५०० भागिले १५,०००, म्हणजे एक माइल पन्नास पैशांचा. कार्डाची वार्षिक फी वजा करूनही हा भाव पटत असेल तर तिकीट काढावे. बिल थकले तर मात्र दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. त्यापुढे कुठलेही माइल्स टिकत नाहीत. आणि खात्यात वर्षानुवर्षे माइल्स साठवून ठेवले असतील, तर त्यांची मुदत कधी संपते ते आजच बघा आणि पुढच्या प्रवासाला वापरून टाका.