किती घातापर्यंत जावें?

१, २, ४ या तीन संख्यांत मधलीचा वर्ग टोकांच्या गुणाकाराइतका असतो, हें शाळेंत भूमितिश्रेढी शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. या साध्या नात्यापाशीं गणिताच्या इतिहासांतील एक मोठा प्रश्न येऊन ठेपतो.

१, २, ४, ८, १६ अशीं श्रेढीचीं पांच पदें घ्या. कोणत्याही श्रेढीच्या अशा पांच पदांमधील सारीं नातीं द्विघात समीकरणांतून निघतात. आतां मधलें पद गाळा. उरलेल्या १, २, ८, १६ यांत १ × १६ = २ × ८ हें नातें टिकतें; पण तेवढ्यानें भागत नाहीं. १, २, ३, ६ या संख्याही तें पाळतात, आणि त्या तर अशा श्रेढींतल्या नव्हेत! म्हणून २ × २ × २ = १ × १ × ८ यासारखीं तीन त्रिघात नातीं जोडावीं लागतात. एक पद गळालें आणि घात वाढला.

मग अशी यादी कधीं संपते काय? डेव्हिड हिल्बर्ट यांनीं १८९० सालीं सिद्ध केलें कीं, बहुपदांच्या अशा कोणत्याही समूहास मोजकीं पायाभूत बहुपदें पुरतात. परंतु तीं किती व कोणत्या घाताचीं, याचा हिशेब त्या सिद्धतेंत नव्हता. विहिरीस पाणी आहे एवढें कळलें. दोर किती लांब हवा, तें कळलें नाहीं.

तो दोर मोजण्याचें काम एमी नोएथर यांच्या शिष्या ग्रेटे हेर्मान यांनीं हातीं घेतलें. अशा गणनेंत घात कुठवर चढेल याची मर्यादा त्यांनीं १९२६ सालीं दिली. पण ती प्रचंड होती. १९८२ सालीं मायर व मेयर यांनीं दाखविलें कीं, सर्वसाधारण प्रश्नांत हा प्रचंडपणा टळत नाहीं.

मात्र आपल्या श्रेढीप्रमाणें केवळ गुणाकारांतून घडणाऱ्या ज्या ‘टोरिक’ आकृति, त्यांची गोष्ट निराळी. ज्यांत आवश्यक असें एकही पद गळालेलें नाहीं, त्यांच्या पायाभूत समीकरणांचा घात आकृतीच्या मितीपेक्षां फार तर एकानें अधिक असतो, हें बर्न्ड स्टुर्मफेल्स यांच्या १९९६ च्या ग्रंथांत सिद्ध केलेलें आहे. आपली श्रेढी म्हणजे एक वक्ररेषा. तिची मिति १, म्हणून घात २. पद गाळतांच हें अभय सुटतें.

हिल्बर्टनें यादी संपते असें सांगितलें. ती कोठें संपते हें सांगावयास पुढील पिढ्यांना शतकाहून अधिक काळ खपावें लागलें. विद्यार्थ्यांनीं हें दुसरें कामही पहिल्याइतकेंच थोर मानावें.