विश्रामबागवाडा

विश्रामबागवाडा हा पुणे शहरातील बाजीराव रस्त्यावरील उत्तर पेशवाईतील वाडा असून तो वारसा वास्तू म्हणून जतन केलेला आहे. दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाड्याऐवजी स्वतःच्या निवासासाठी तो बांधविला. बांधकाम १८०७ च्या सुमारास पूर्ण झाले.

वास्तुरचना

वाड्याची मांडणी तीन चौकांभोवती आहे. दाट वस्तीच्या पेठेतही आतील दालनांना उजेड व वारा मिळतो, तो या चौकांमुळे. इमारतीचा सांगाडा सागवानी लाकडाचा. दर्शनी बाजूचा कोरीव सज्जा आणि सुरूदार खांब ही वाड्याची खरी ओळख होय. सुरूच्या झाडाप्रमाणे हे खांब वरच्या अंगाला निमुळते होत जातात; बुंध्याशी व माथ्याशी पानाफुलांचे नक्षीकाम असते. वरच्या मजल्यावर दरबाराचा दिवाणखाना आहे.

पेशवाईनंतर

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२१ साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज आकाराला आले. पेशव्यांचे निवासस्थान म्हणून वाडा जेमतेम दशकभर नांदला; विद्यास्थान व कचेरी म्हणून मात्र कितीतरी अधिक काळ. १८७९ साली लागलेल्या आगीत पूर्वेकडील भाग जळाला. लोकवर्गणीच्या साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला. त्यामुळे आज दिसणारे सर्वच काष्ठकाम बाजीरावाच्या काळातील मानणे योग्य नव्हे. वाड्यात पुढे नगरपालिकेची कचेरी होती, तळमजल्यावर टपाल कार्यालयही होते. वाडा सध्या पुणे महानगरपालिकेच्या ताब्यात आहे.