अडत कोणाच्या खिशातून?

संगणकावर मराठी लिहू लागलेल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांचा श्रीगणेशा 'बरहा'वर झाला. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी १९९८ साली ते कन्नडसाठी तयार केले, पुढे त्यात देवनागरी आली आणि आपण सर्वांनी ते फुकट उतरवून घेतले. नंतरच्या आवृत्त्या विकत झाल्या, तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुनी फुकटची आवृत्तीच जपून ठेवली. (हेच लोक बर्डीवर साडी घेताना घासाघीस करतात, पण फुकट द्या असे काही म्हणत नाहीत!)

मराठी माणसाला सॉफ्टवेअरचे पैसे द्यायला नको असतात, असे यावरून म्हटले जाते. मोबाईलवरच्या अ‍ॅपचा इतिहास पाहिला की मला हे अर्धेच खरे वाटते.

अ‍ॅपलचे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले, अँड्रॉइडचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. अँड्रॉइडवर पैसे घेऊन अ‍ॅप विकण्याची सोय २००९ च्या आरंभी अमेरिकेत झाली. भारतातल्या मुलाला मात्र आपले अ‍ॅप तिथे विकून इथल्या बँकखात्यात पैसे घेण्याची मुभा मिळाली ती जुलै २०१२ मध्ये. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे त्याच्यापुढे सरळ मार्ग एकच होता, अ‍ॅप फुकट द्या आणि जाहिरातींवर पोट भरा. गिऱ्हाईकाला फुकटाची सवय लागली, ती अशी.

त्यातही कमीत कमी किंमत पन्नास रुपये. तेवढ्यात नागपुरात तेव्हा दोघांचे तर्री-पोहे आणि चहा व्हायचा. शिवाय क्रेडिट कार्ड किती घरांत होते? जुलै २०१५ मध्ये गूगलने ही मर्यादा दहा रुपयांवर आणली आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. पैसे देणे सोपे झाले खरे, पण तोवर सवय मुरली होती.

आता या दहा रुपयांचे तेव्हा काय व्हायचे ते पाहा. दोन्ही दुकानांची कापणी शेकडा तीस होती. कर वेगळा. तीन रुपये दुकानाचे!

आम्हा नागपूरकरांना हे समजायला कळमन्याचा बाजार पुरे. संत्री घेऊन शेतकरी येतो, अडत्या लिलाव करतो आणि आपली अडत घेतो. ती वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत खरेदीदाराने द्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, मोठा गदारोळ झाला. पण अडत कोणी द्यायची हा प्रश्न निदान चव्हाट्यावर आला.

अ‍ॅपच्या बाजारात तो बराच काळ झाकलेलाच राहिला. अडत विकणाऱ्याकडून कापतात, असे कागदोपत्री दिसते. परंतु २०१९ साली यूट्यूबची जाहिरातमुक्त सेवा भारतात आली तेव्हा तिचा महिन्याचा दर १२९ रुपये होता, आणि आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतली तर १६९! यूट्यूब गूगलचे. स्वतःच्या दुकानात तीस टक्के घेणाऱ्या गूगलवर दुसऱ्याच्या दुकानात अडत द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने ती गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकली. मला तर याची मोठी गंमत वाटली.

गूगलला एवढे चढे दर लावणे परवडते. लहान माणसाने दहाचे चौदा केले तर त्याचे गिऱ्हाईकच पळते. २०२१ मध्ये दोन्ही दुकानांनी लहान विक्रेत्यांची अडत पंधरा टक्क्यांवर आणली. पण मूळ घेणारेच मूठभर असतील तर पंधरा काय नि तीस काय! तो पुन्हा जाहिरातींकडे वळतो. मग नातवाने बाराखडीचे अ‍ॅप उघडले की 'क कमळाचा' येण्याआधी रमीची जाहिरात आलेली मी पाहिली आहे. चाळीस वर्षे फळ्यावर अक्षरे गिरवून घेतलेल्या माझ्यासारख्याला याचा संताप येतो. त्या अ‍ॅपची खरी किंमत ते पाच वर्षांचे पोर देत असते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. अ‍ॅपमधल्या खरेदीचे पैसे आमच्याच गल्ल्यातून घ्या ही सक्ती चुकीची, असे आयोगाचे म्हणणे. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय अ‍ॅप दुकानातून काढून टाकले. त्यात शादी डॉट कॉम होते, नोकरी डॉट कॉम होते. सरकार मध्ये पडले आणि काही दिवसांत ते परत आले. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

दंडाच्या आकड्यापेक्षा आयोगाच्या आदेशातला एक भाग मला अधिक मोलाचा वाटतो. हीच वस्तू बाहेर स्वस्त मिळते, हे गिऱ्हाईकाला सांगायला विक्रेत्याला मनाई करू नये, असे त्यात आहे. कळमन्यातला अडत्या निदान शेतकऱ्याच्या हाती पट्टी देतो. तीत हमाली किती, तोलाई किती, हे ओळीने लिहिलेले असते. मोबाईलवर येणाऱ्या पावतीत कर दिसतो. दुकानदाराचा वाटा किती, ते मात्र कुठेच दिसत नाही.