ज्वारीच्या दाण्यातील कुलूप

बऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्या तापीत उतरतात. पैलतीरी जैनाबाद. तेथील आहूखान्यात मोगलांनी हरणे राखली होती. १६३१ साली मुमताजमहल हिचे शव प्रथम तेथेच पुरण्यात आले, म्हणून त्या स्थळाचे नाव इतिहासात राहिले. हरणांची आठवण कोणी ठेवली नाही. तापीकाठची ज्वारी हरणाने खाल्ली काय आणि डुकराने खाल्ली काय, शेतकऱ्याचे नुकसान सारखेच. पण खाणाऱ्याच्या हाडांना तिचा लाभ सारखा होत नाही. हा भेद ओळखून त्यावर उपाय काढावयास शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला.

प्रश्न स्फुरदाचा आहे. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ साली सोन्याच्या लोभाने मूत्र आटविले आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारे हे द्रव्य आले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनच्या योहान गान व कार्ल शेले यांनी तेच हाडांत दाखवून दिले. वाढत्या पिलाला स्फुरद कमी पडला, की भूक मंदावते, वाढ खुंटते, पाय वाकतात. दक्षिण आफ्रिकेत माळावरच्या गाई मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत. ती खोड नसून स्फुरदाची भूक आहे, हे १९२० च्या सुमारास आर्नोल्ड थाइलर यांनी सिद्ध केले. हाडांचा चुरा मिळताच ती शमली. हिंदुस्थानातून मात्र हाडे परदेशी चालली होती. डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या शेतीविषयक अहवालात त्याकडे लक्ष वेधले होते.

डुकराचे कोडे याहून अवघड. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९८ च्या कोष्टकाप्रमाणे २० ते ५० किलो वजनाच्या डुकराला दर १०० किलो खाद्यात पचनी पडणारा स्फुरद २३० ग्रॅम हवा. १०० किलो ज्वारीत एकूण स्फुरद २९० ग्रॅमच्या आसपास असतो. कागदावर हिशेब पुरा होतो. परंतु त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे ६० ग्रॅमही नव्हे, डुकराच्या अंगी लागतो.

उरलेला जातो कोठे? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांना १८७२ साली दाण्यातील सूक्ष्म गोलकांत स्फुरद साठविलेला आढळला. कोंबाच्या शिदोरीसाठी झाडाने तो फायटिक आम्लाच्या रूपाने कुलपात ठेवलेला असतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतू हे कुलूप उघडतात. हरणाला आणि बैलाला ते काम फुकटात होते. डुक्कर रवंथ करीत नाही. रानडुक्कर कंदमुळे, किडे, मेलेले जनावर असे काहीही खाऊन उणीव भरून काढते. कोंडवाड्यातल्या डुकराला ती सोय नाही. निमाड-खानदेशात मुबलक असलेली सरकीची पेंड तरी द्यावी, तर तिच्यातला स्फुरदही बहुतेक कुलूपबंद, आणि वर गॉसिपॉलचे विष! बैल तीच पेंड आवडीने खातो.

कुलपाची किल्ली १९०७ साली जपानात उमेतारो सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांना भाताच्या कोंड्यात सापडली: फायटेज नावाचे विकर. ती बाजारात यावयास मात्र १९९१ साल उजाडले, आणि तेही हॉलंडमध्ये. तेथे निकड हाडांची नव्हती. हाडांसाठी खनिज स्फुरद खाद्यात मिसळला जातच होता. पण डुकरांनी न पचविलेला स्फुरद विष्ठेवाटे शेतांत साचून पाण्यात उतरत होता, आणि पाण्यावर शेवाळ माजत होते. बुरशीपासून काढलेले फायटेज खाद्यात घातल्यावर विष्ठेतील स्फुरद सुमारे एक तृतीयांशाने घटला. खाद्यात मिसळावयाचा खनिज स्फुरदही कमी लागू लागला. तो खडकातून काढतात, आणि ज्या देशातून एके काळी हाडे गोण्या भरभरून बाहेर गेली, त्या आपल्या देशाला हा खडक आज बहुतांशी परदेशातून आणावा लागतो.