बॅटरी उतरणे (मोटारगाडीची)

बॅटरी उतरणे : मोटारगाडीच्या बॅटरीत इंजिन फिरवण्याइतका दम न उरणे आणि त्यामुळे गाडी चालू न होणे. इंजिन चालू असताना गाडीची विजेची गरज अल्टरनेटर भागवतो. बॅटरीची खरी कसोटी लागते ती सेल्फ मारतानाच्या दोन-तीन सेकंदांत. तेवढ्या वेळात स्टार्टर मोटर छोट्या पेट्रोल गाडीत शंभर-दीडशे अँपियर आणि मोठ्या डिझेल गाडीत त्याच्या दुपटीच्या घरात प्रवाह ओढते. म्हणून थकलेली बॅटरी गाडी धावताना कळत नाही, थांबल्यावर कळते. सकाळी घरून निघताना बिनतक्रार चालू झालेली गाडी दुपारी परक्या ठिकाणी अडून बसते, यात नवल काही नाही.

अजिंठ्याला येणाऱ्यांची गाडी अशी अडण्याची जागा म्हणजे फर्दापूरचा टी पॉइंट. लेण्यांतल्या चित्रांना धुराचा त्रास नको म्हणून खासगी गाड्या तिथेच थांबवतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. लेणी नीट पाहायची तर तीन-चार तास सहज जातात. तोवर गाडी उघड्या उन्हात. छत्रपती संभाजीनगर तिथून शंभरेक किलोमीटर, जळगाव साठच्या आसपास. वाळूज आणि शेंद्र्यात गाड्यांचे कारखाने असलेल्या या जिल्ह्याच्या शहरात बॅटरीवाल्यांना तोटा नाही, पण अजिंठ्याच्या घाटाखाली तशी सोय नाही. त्यामुळे सिल्लोडहून किंवा पहूरकडून कोणी येईपर्यंत बिघाड नेमका कशात आहे हे गाडीवाल्याने स्वतः ओळखलेले बरे. निदान चुकीच्या कारागिराला तरी बोलावले जात नाही.

आधी कान, मग डोळे, मग मीटर. बहुतेक लोक याच्या उलट करतात : बॉनेट उघडतात, दिसेल ती वायर हलवतात आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारून उरलीसुरली बॅटरीही संपवतात. वास्तविक चावी फिरवल्यावर येणारा आवाजच निम्मे निदान करतो. ‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला आणि त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. यात घडते ते असे : स्टार्टरवरचा सोलेनॉइड ओढला जातो, मोटरला प्रवाह मिळताच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा वर येतो, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. इंजिन रेंगाळत, कण्हत एखादा फेरा घेऊन थांबले तरी संशय बॅटरीवरच घ्यावा. मात्र एकच ‘टक’ ऐकू आला आणि हेडलाइट लख्ख राहिले, तर बॅटरीची बहुधा चूक नाही. स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड तपासावा. काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत, अशा वेळी बॅटरी ठार झाली असे समजून लोक हात टेकतात. पण रात्रीतून दिवा चालू राहिलेला नसेल, तर अशा गाडीत सुटलेले टर्मिनल किंवा जळालेला मुख्य फ्यूज निघण्याची शक्यता मोठी. आणि इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा तर बॅटरीचा विषयच संपला : पेट्रोल, पंप, प्लग किंवा चावी न ओळखणारा इमोबिलायझर, यांपैकी काहीतरी असते. क्लच पुरता दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणाऱ्या गाड्या आता बऱ्याच आहेत. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल तरी तीच गत. एवढ्यावरून मिस्त्री बोलावणारेही असतात.

डोळ्यांनी पाहायचे ते टर्मिनल. खांबाभोवती पांढरी-हिरवट भुकटी साठली असेल, तर आम्ल बाहेर झिरपून शिसे आणि तांबे यांचे क्षार झालेले असतात. ते विजेच्या वाटेत आडवे येतात. दिव्यांपुरता थोडा प्रवाह त्यातून जातो, सेल्फपुरता जात नाही. म्हणूनच ‘दिवे तर लागतात, मग बॅटरी कशी उतरली?’ हा नेहमीचा प्रश्न. टर्मिनल हाताने पिळून पाहावे. ते फिरले तर ढिले आहे, आणि दहा नंबरच्या पान्याने नट आवळताच गाडी चालू झाल्याची उदाहरणे कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन हवी तितकी सांगेल. भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवावी, खांब घासून घ्यावेत, टर्मिनल आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनल काढताना ऋण आधी आणि बसवताना ऋण शेवटी, हा क्रम सोडू नये. धन टर्मिनल सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला आणि ऋण जोडलेलेच असले, तर सगळी बॅटरी पान्यातून वाहते.

मीटर जवळ असेल तर संशयाला जागा राहत नाही. शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. तेव्हा ‘बारा व्होल्टची’ म्हटली जाणारी बॅटरी भरलेली आणि विसावलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिती. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त समजावी. इंजिन चालू झाल्यावर तो १३.८ ते १४.५ दरम्यान चढला पाहिजे. तो १२ वरच रेंगाळला, तर बॅटरी निर्दोष आणि अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दोषी. नवी बॅटरी टाकूनही दोन दिवसांत रडगाणे तेच. चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहण्याची आपल्याकडच्या काही गॅरेजांची सवय मात्र वाईट. जुन्या जीपमध्ये ती चालून जाई. आजच्या गाडीत अशा वेळी उसळणारा दाब इंजिनाचा संगणक जाळू शकतो. सीलबंद बॅटरीवरचा रंगीत डोळा सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो, म्हणून हिरव्या रंगावर भिस्त ठेवू नये. काळा रंग चार्जिंग मागतो. पांढरट-पिवळा दिसला तर आतला द्रव कमी झालेला असतो आणि अशी बॅटरी चार्ज करू नये.

कारणांपैकी आपल्या प्रदेशात सर्वांत मोठे कारण ऊन. परदेशी पुस्तकांतून आणि जाहिरातींतून थंडीचे भय फार घातले जाते. थंडीत सुरू करण्याच्या ज्या अँपियरचा बॅटरीवर ठळक उल्लेख असतो, ती चाचणी उणे १८ अंशांवर होते. सोयगाव-सिल्लोडला त्याचा उपयोग तो काय! इकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली साठच्या वर. ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्याच्या आसपास येते. पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. दुसरा घाव धक्क्यांचा. संभाजीनगर–अजिंठा हा रस्ता रुंदीकरणासाठी काही वर्षे उखडलेला होता. अशा रस्त्यावर बॅटरीची पट्टी ढिली असेल तर प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो आणि कप्पा आतल्या आत शॉर्ट होतो. ‘सेल गेला’ म्हणतात तो हा प्रकार. तिथे चार्जिंगचा उपयोग नाही.

तिसरे कारण चालकाचा विसर, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे नऊ अँपियर खातात. छोट्या गाडीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी त्यांनी चार तासांत रिकामी होते. टी पॉइंटवर गाडी लावून लेणी पाहून परत येण्याचा वेळही तेवढाच. आतला पाच वॅटचा छोटा दिवा मात्र चार तासांत दोन अँपियर-तासही घेत नाही. तो राहिला म्हणून धडकी भरू नये. नुसती उभी गाडीही घड्याळ, अलार्म आणि संगणकासाठी ५० मिलीअँपियरपर्यंत खात असते. महिन्याला ते ३६ अँपियर-तास होतात, म्हणजे एक अख्खी बॅटरी. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने दारात उभ्या राहिलेल्या गाड्या याच हिशेबाने बंद पडल्या. वरून बसवलेला कॅमेरा किंवा ट्रॅकर असेल तर मुदत आणखी कमी. उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडली, की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

दुसऱ्या गाडीवरून चालू करण्याची रीत सर्वांना माहीत असते, क्रम थोड्यांना. आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धनाला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि काळ्या केबलचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तिने पेटू शकतो. बॅटरी फुटून आम्ल चेहऱ्यावर उडण्याचे अपघात हे टोक बॅटरीलाच जोडण्याच्या चुकीने होतात. चांगली गाडी पाचेक मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा आणि केबल उलट्या क्रमाने काढाव्यात. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त केबल दिसायला जाड असल्या तरी आत तांबे पातळ आणि वर नुसते रबर असते. पेट्रोल गाडीला १६ आणि डिझेलला २५ चौरस मिलिमीटरची तार लागते. मदतीला ट्रक थांबला तर आधी विचारावे : मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात आणि तो दाब बारा व्होल्टच्या गाडीला सोसत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी टी पॉइंटवर केबल जोडायला शेजारी गाडीही मिळायची नाही.

धक्का मारून चालू करणे हा आपला राष्ट्रीय उपाय. पूर्वी गाडीसोबत लोखंडी हँडलच येई. चार्ल्स केटरिंगने १९११ मध्ये विजेचा स्टार्टर तयार केला आणि पुढच्या वर्षीच्या कॅडिलॅकपासून तो सर्वत्र गेला, तरी अँबॅसेडर आणि जीप यांनी हँडल नंतरही बरीच वर्षे बाळगले. साध्या पंपाची जुनी डिझेल जीप आजही दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर चालू होते आणि तिचे चालक मुद्दाम उतार पाहून गाडी लावतात. नव्या गाडीत इंधनाचा पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार रिती असेल तर कितीही धक्के मारले तरी घाम तेवढा निघतो. ऑटोमॅटिकला हा मार्गच नाही. अजिंठ्याच्या घाटात वरून गाडी मोकळी सोडून चालू करण्याचा मोह तर मुळीच नको : इंजिन बंद असताना ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते, आणि वळणे कोणासाठी थांबत नाहीत.

गाडी चालू झाल्यावर टी पॉइंटवर उभ्या उभ्या चालू ठेवण्याने फारसे भरत नाही. मंद फेऱ्यांवर अल्टरनेटर पुरते देत नाही. एसी बंद ठेवून घाट चढावा आणि चहासाठी थांबलात तरी इंजिन बंद करू नये. पार रिती झालेली बॅटरी पुढे चार्जरवर रात्रभर लावावी लागते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच. मराठवाड्यातल्या बोअरचे जड पाणी तिला चालत नाही. तीन-चार वर्षे झालेली बॅटरी एकदा उतरली की बदललेली परवडते. जुनी दुकानदाराकडे द्यायची, भंगाराचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतही मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. कुलपे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे संपर्क तिच्यावर चालतात. ती उतरली, की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.