दाखला, चिठ्ठी आणि एमएसडब्ल्यू मॅडम

भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय, नागपाड्याचा नाका आणि डोंगरीतलं मुलांचं निरीक्षणगृह. सकाळच्या एका फेरफटक्यात तिन्ही पाहून होतील, इतकी ही ठिकाणं एकमेकांच्या जवळ आहेत. पर्यटकांनी मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे काही नाही. पण भारतातला एक पगारी व्यवसाय याच टापूत उभा राहिला. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाच्या वतीने दवाखाना, कोर्ट, शाळा, पोलीस ठाणं आणि रेशन कचेरी यांच्याशी एकाच माणसाने बोलायचं, हे त्या व्यवसायाचं काम.

अशा माणसाची गरज का पडते, हे चाळीतलं एखादं बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणलं की कळतं. बाप क्षयाने अंथरुणाला खिळलेला, आई धुणंभांडी करणारी, थोरला मुलगा पाकीटमारीत पकडला गेलेला, धाकटी बाळाला सांभाळायचं म्हणून शाळा सोडून घरी बसलेली. रुग्णालयाला यातलं फक्त फुफ्फुस दिसतं, कोर्टाला चोरी, शाळेला गैरहजेरी आणि घरमालकाला थकलेलं भाडं. संकट एकच, पण प्रत्येक कचेरी आपापल्या रजिस्टरात त्यातला स्वतःपुरता तुकडा लिहून घेते. आणि हे तुकडे जुळवण्याचं काम त्या कुटुंबातल्या सर्वांत दमलेल्या माणसावर, म्हणजे बहुतेक वेळा आईवर, येऊन पडतं.

सुरुवात डोंगरीपासून करावी. तिथल्या जुन्या तुरुंगाची मराठी वाचकाला वेगळीच ओळख आहे. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले ते इथेच. पुढे याच आवारात मुलांना ठेवण्याची सोय झाली. १९२४ साली मुंबई बालक कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचे खटले मोठ्यांच्या कोर्टातून बाहेर काढून वेगळे चालवण्याची पद्धत मुंबईत पडली. त्याबरोबर परिविक्षा अधिकारी नावाचा एक नवा माणूस आला. मुलाला शिक्षा काय द्यावी, हे ठरवणं त्याच्या कामात बसत नव्हतं. त्याने मुलाच्या घरी जायचं, शेजाऱ्यांशी आणि मास्तरांशी बोलायचं, घरात मिळवतं कोण आहे आणि चूल कशी पेटते ते पाहायचं, आणि न्यायाधीशांपुढे अहवाल ठेवायचा. आपल्याकडे कायद्याने कुणाला पगार देऊन घराचा उंबरठा ओलांडायला लावलं, त्याचं हे फार जुनं उदाहरण. नाहीतर तोवर सरकारी माणूस दारात आला की एकतर वसुलीला किंवा पकडायला, अशीच समजूत होती.

समाजसेवा मुंबईला नवी नव्हती. ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवत होती. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून उभं केलं होतं. पण हे काम करणाऱ्याने त्याचे पैसे घ्यावेत आणि त्यासाठी बी.ए.च्या वरचं शिक्षण असावं, ही कल्पना अनेकांना चमत्कारिकच वाटली असती. सेवा म्हटली की त्याग आला. तिचा पगार कसला घ्यायचा?

ही कल्पना मुंबईत रुजवली ती क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसाने. शिकागोत शिकलेला हा तरुण अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ साली मुंबईत आला आणि त्याने कामासाठी नागपाडा निवडला. एका अंगाला कामाठीपुरा आणि आजूबाजूला दाटीवाटीच्या चाळी असलेली ही वस्ती. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून गलिच्छ वस्त्या पाडायला आणि नव्या चाळी बांधायला घेतल्या होत्या, तरी दाटी काही सरली नव्हती. मॅनशार्टने तिथे १९२७ साली नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. जेन अॅडम्स यांच्या शिकागोतल्या हल हाउसच्या धर्तीची ही संस्था. कार्यकर्त्यांनी वस्तीतच बसायचं आणि खेळ, वाचन, दवाखाना, सल्ला असं सगळं एका छताखाली आणायचं, ही तिची रीत. मिशनरी असूनही त्याला धर्मांतरापेक्षा गटारं आणि बालमृत्यू यांत जास्त रस होता, हे त्याच्या लिखाणात जागोजागी दिसतं.

तिथे काम करताना त्याला एक गोष्ट कळून चुकली. चांगुलपणा मुबलक होता, तालीम मात्र कुणालाच नव्हती. सर दोराबजी टाटा १९३२ साली वारले आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टचा पैसा कुठे लावायचा याचा विचार सुरू झाला. त्या विचारविनिमयात मॅनशार्टही होता. दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला थोडं थोडं वाटत बसण्यापेक्षा काम जाणणारी माणसं घडवावीत, हा त्याचा आग्रह होता. त्यातून १९३६ साली नागपाड्याच्या त्याच वास्तूत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं. तोवर भारतात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी एकही संस्था नव्हती. वर्गाबाहेर पडलं की प्रत्यक्ष वस्तीच समोर, यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती. १९३७ साली शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाकडे पाहायचं, ही त्यामागची पद्धत, आणि त्या काळी ती देशात नवीनच होती. त्यातल्या तिसऱ्या माणसाकडे घर आणि शाळा ही बाजू असे. १९४१ साली मॅनशार्ट परत गेला आणि संचालकपद जे. एम. कुमारप्पांकडे आलं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे हे बंधू. १९४४ मध्ये संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि पुढच्या दशकात ती देवनारला गेली. नागपाड्याला तिचा विसर पडायला फार वेळ लागला नसावा.

आता तिसरा कोपरा, जे. जे. रुग्णालय. रुग्णालयात समाजकार्यकर्ता बसवण्याची कल्पना मूळची लंडनची, आणि तिचा जन्म काही फार उदात्त कारणासाठी झाला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंना नेमलं. फुकट उपचार घेणाऱ्यांत पैसे देण्याची ऐपत असलेले कोण घुसले आहेत, ते त्यांनी ओळखायचं होतं. त्या कामाला बसल्या आणि त्यांना दिसलं भलतंच. औषधाबरोबर दूध सांगितलेल्या रोग्याच्या घरात दूध आणायला दमडी नव्हती. चौकशीची खुर्ची अशी हळूहळू मदतीची खुर्ची झाली. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी रुग्णालयात समाजसेवा विभाग सुरू केला तेव्हा हेतू मात्र पहिल्यापासून मदतीचाच होता. मुंबईत जे. जे.मध्ये १९४६ साली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. भारतातली ती पहिली. त्याच वर्षी आलेल्या, देशाच्या आरोग्यव्यवस्थेवरच्या भोर समितीच्या अहवालातही रुग्णालयांत अशी माणसं हवीत असं म्हटलं होतं, आणि दोनच वर्षांत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचं खास शिक्षण सुरू झालं.

मेरी स्टुअर्ट बाईंच्या खुर्चीचे चौकशी आणि मदत हे दोन्ही पाय आजही शाबूत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पदाचं नाव समाजसेवा अधीक्षक, पालिकेच्या रुग्णालयात समाज विकास अधिकारी, आणि रोग्यांच्या तोंडी सरसकट ‘एमएसडब्ल्यू मॅडम’, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर. त्यांच्या टेबलावरचा पहिला प्रश्न आजही तोच असतो: रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मग आधार. पिवळं कार्ड असेल तर एक वाट, केशरी असेल तर दुसरी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आजार बसत असेल तर आरोग्यमित्राकडे पाठवायचं. बसत नसेल तर पुअर बॉक्स फंड, मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट अशा दहा ठिकाणी दहा अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना लागू झाली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. त्यानंतर बड्या खासगी इस्पितळांतही या टेबलासमोर रांगा लागल्या.

पण कागद हा कामाचा अर्धाच भाग. विदर्भातल्या खेड्यातून परळला कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या माणसाला महिनोनमहिने राहायचं असतं. औषधाची सोय झाली तरी सोबतच्या बायकोने झोपायचं कुठे, जेवायचं काय, गावाकडची पेरणी कोण करणार आणि मुलांच्या शाळेचं काय? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, हे विचारणारा फोन कुठल्याही उपचारपद्धतीत लिहिलेला नसतो. तो झाला नाही तर मात्र रोगी तिसऱ्या आठवड्यात गाडी धरून परत जातो, आणि केसपेपरवर शेरा पडतो तो उपचार अर्धवट सोडल्याचा.

बायकांवरच्या अत्याचारांबाबत हाच प्रयोग वेगळ्या वाटेने झाला. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई तक्रारीसाठी जिथे येते तिथेच समाजकार्यकर्तीने बसावं, हा साधा विचार. ती खात्याची नोकर नव्हती, तरी खात्याच्या छपराखाली होती, आणि तिचं बळ या अवघडलेल्या जागेतच होतं. १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं आली आणि त्यांच्याबरोबर विवाह समुपदेशक आले. २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडलं. हात मोडून आलेली बाई ‘जिन्यावरून पडले’ म्हणते तेव्हा प्लास्टर बांधून तिला वाटेला लावायचं नाही, हे तिथे डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवलं गेलं. २०१५ पासून केंद्र सरकारच्या सखी केंद्रांनी उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि निवारा हे सगळं एका छताखाली देण्याचं ठरवलं. नागपाड्यातल्या १९२७ च्या वास्तूशी या आराखड्याचं साम्य कुणाच्याही लक्षात यावं.

साम्य आहे, तशी एक उणीवही पहिल्यापासून तशीच चालत आली आहे. ती नीट दिसण्यासाठी पुन्हा अमेरिकेकडे पाहावं लागतं. १९७० च्या दशकात शिकागोच्या कॅलिडोस्कोप या संस्थेत कार्ल डेनिस यांनी, कुणीच ठेवून घेत नाही अशा मुलांसाठी एक नियम घातला: मूल कितीही त्रास देवो, त्याला कार्यक्रमातून काढायचं नाही, कार्यक्रम बदलायचा. हीच रीत पुढे विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी परगण्याने १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथे बालकल्याण, बालन्याय आणि आरोग्यविमा या खात्यांचे पैसे एकाच थैलीत टाकण्यात आले. प्रत्येक समन्वयकाकडे आठ-नऊच कुटुंबं, आणि त्या थैलीतून काय विकत घ्यायचं हे कुटुंबाबरोबर बसून ठरवण्याचा अधिकार. मुलाला बोर्डिंगसारख्या संस्थेत ठेवण्यापेक्षा घरी शिकवणी, आईला आठवड्यातून दोन संध्याकाळी उसंत आणि बसचा पास देणं स्वस्त पडत असेल, तर ते तिथल्या तिथे करता येतं. या कामाला २००९ साली हार्वर्डचा शासकीय नवोपक्रमांचा पुरस्कारही मिळाला.

मुंबईच्या मॅडमकडे अशी थैली कधीच आली नाही. हाती आहे ती चिठ्ठी: ‘धारक गरजू आहे, सहकार्य करावे.’ समोरच्या कचेरीतला माणूस ओळखीचा असेल तर चिठ्ठी चालते, त्याची बदली झाली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करायची. पन्नास वर्षांत आपण खात्यांवर खाती आणि केंद्रांवर केंद्रं काढली, त्यांना जोडणाऱ्या माणसाला मात्र ना पैसा दिला ना अधिकार. या व्यवसायाच्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली काटकसर म्हणावी लागेल.

शिक्षणाची तर उणीव नाही. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्य शिकवत आहे, आणि आता बहुतेक जिल्ह्यांत अशी महाविद्यालयं आहेत. तिथून पदवी घेतलेली मुलं-मुली जिल्हा बाल संरक्षण कक्षात, सखी केंद्रात, समुपदेशनात लागतात. यातल्या पुष्कळ नेमणुका कंत्राटी, दरवर्षी नूतनीकरणाच्या आदेशाकडे डोळे लावायला लावणाऱ्या. कोविडमध्ये ज्यांचे आईवडील गेले त्या मुलांची घरं शोधण्याचं काम २०२१ मध्ये याच मंडळींकडे आलं. जिल्ह्याजिल्ह्यांत कृतिदल नेमलं गेलं. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बँकखातं, बालसंगोपन योजनेचा अर्ज, गृहभेटीचा अहवाल आणि बालकल्याण समितीसमोर हजेरी अशी प्रत्येक मुलामागे पायपीट होती. योजनेची मदत नंतर दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपयांवर नेण्यात आली. गृहभेटीला जाणाऱ्याचा एसटीचा खर्च मात्र बऱ्याचदा त्याच्याच खिशातून होतो.

चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही टाटा इन्स्टिट्यूटमध्येच १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने जन्मला. फोन घेणारे आणि मुलाकडे धावणारे कार्यकर्ते सव्वीस-सत्तावीस वर्षं स्वयंसेवी संस्थांचे होते. २०२३ मध्ये ही सेवा त्यांच्याकडून राज्यांच्या महिला व बालविकास खात्यांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन आता जिल्ह्याच्या सरकारी कक्षात वाजतो. कोणत्या स्टेशनवरचा कोणता हवालदार मुलाशी नीट बोलतो आणि कोणत्या बालगृहाची बाई रात्री अकरालाही दार उघडते, ही माहिती हस्तांतराच्या कुठल्याच फायलीत नव्हती.