मत्स्यविनोद

दर वर्षीं माघांत आम्ही चौघे जुने कॉलेजसोबती मेहकरजवळ पैनगंगेच्या एका डोहावर दोन दिवस गळ टाकून बसतों. आमच्यापैकीं एकानें विलायतेहून लवचीक छडी आणि पिसांची बनविलेली कृत्रिम माशी आणिली आहे. तिला आजवर एकहि मासा भुललेला नाहीं. हा सगळा साहेबी छंद, असा घरच्या मंडळींचा आक्षेप असतो, आणि खरें सांगावयाचें तर माझीहि समजूत पुष्कळ वर्षें तीच होती. या विषयावरचें पहिलें पुस्तक मीं वाचलें तें आयझॅक वॉल्टनचें, १६५३ सालचें.

वॉल्टनच्या पांच शतकें आधीं, सुमारें ११२९ सालीं, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, या त्यांतील उल्लेखामुळें मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परिचित आहे. मत्स्यविनोदाच्या प्रकरणाकडे मात्र फारसें कोणी वळत नाहीं. राजानें गळ टाकून मन कसें रमवावें हें सांगतांना सोमेश्वरानें माशांच्या सुमारें ३५ जाती नोंदिल्या आहेत. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, आणि कोणास कोणतें खाद्य घालावें, हें सारें त्यांत आहे. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याची सत्ता विदर्भापर्यंत पोंचली होती, हें १०८७ च्या सीताबर्डीच्या शिलालेखावरून दिसतें. तेव्हां ही विद्या आमच्या प्रांतास अगदीं परकी नव्हती, एवढें म्हणतां येईल. सामान्य माणूस करमणुकीसाठीं गळ टाकी, असें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

परंतु राजास हें शिकविलें कोणीं? माशांचें खाणेंपिणें सिंहासनावर बसून कळत नाहीं. तें भोई-कोळ्यांनींच सांगितलें असलें पाहिजे.

पुढें इंग्रज आले तेव्हांहि तेंच झालें. दक्षिणेंतील माशांचें वर्णन लष्करी अधिकारी साइक्स यानें १८३९ सालीं केलें, आणि जातींना बहुधा इकडचींच नांवें दिलीं. आपली शिंगटी अशा रीतीनें लॅटिन झाली. पुण्याच्या मुळा-मुठेंतील खुद्री शास्त्रांत आजहि ‘टोर खुद्री’ आहे. नांवें राहिलीं, सांगणारे राहिले नाहींत.

आमच्या डोहावर एक वृद्ध भोई येत असे. पाण्यावरचे बुडबुडे पाहून खालीं मरळ आहे कीं शिंगटी, हें तो सांगे. ती पिसांची माशी हातांत घेऊन तो एकदां म्हणाला, “ही माशांसाठीं नाहीं, साहेब, तुमच्यासाठीं केलेली आहे.” त्यानें सांगितलेलीं अठरा नांवें मीं वहींत उतरून घेतलीं. तो वारल्यास दोन वर्षें झालीं. यंदा डोहावर वही उघडली, तेव्हां पहिल्या पानावर आम्हां चौघांचीं नांवें व तारीख नीट लिहिलेली दिसली. त्याचें नांव कोठेंच नाहीं. आम्ही त्यास नुसते ‘बाबा’ म्हणत होतों.